दाताच्या गोळ्या

सोमवार, दुपार
दुकानातून

वायसर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडता बाजूला टाकू नकोस. कामाचं आहे. दोन वर्षं तू माझा फोन घेत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हा हट्ट कुणाकडून आलाय ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तुझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर लिहितोय. घरी तू पत्र फाडशील, तिथे चार माणसांत फाडणार नाहीस.

प्रश्न तुझ्या धंद्यातला आहे. माझं एक गिऱ्हाईक आहे. त्याच्या बायकोला थंडी वाजून ताप येतोय, कंबरेत एका बाजूला दुखतंय, लघवीला आग होतेय. जवळच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण काही केल्या उतार नाही. या बाईने मागच्या महिन्यात थोड्या दुसऱ्या गोळ्या घेतल्या होत्या. दुसऱ्या म्हणजे अगदी वेगळ्या, दाताच्या. गिऱ्हाईकाची दाढ सुजली होती, तेव्हाच्या उरलेल्या. आता त्याला शंका आलीय, की दाताच्या गोळ्यांचा या तापाशी काही संबंध असेल का. मी त्याला म्हटलं, अहो, दात कुठे आणि कंबर कुठे! पण त्याला जाणकाराकडून हवंय. मी म्हटलं, माझी मुलगी यातलीच आहे, विचारतो.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सभागृहातल्या तुझ्या भाषणाचा विषय निघतोच म्हणून लिहितो. तू साध्या लोकांसाठी बोलणार होतीस, आणि माझ्याहून साधा कोण? पहिल्या रांगेत बसलो होतो, नवा शर्ट घालून. तू म्हणालीस, की जंतूच्या अंगात पंप असतात, औषध आत आलं की ते उपसून बाहेर टाकतात. इथवर मला ऊर भरून आला. 'उपसा' हा शब्द तू माझ्या दुकानात शिकलीस. पण मग तू म्हणालीस, की एकच पंप औषध उपसतो, रंग उपसतो, साबण उपसतो, पित्तही उपसतो. आता आयुष्यभर लोकांची तळघरं कोरडी करणाऱ्या माणसाने हे ऐकून गप्प कसं बसावं? गाळाचा पंप वेगळा, स्वच्छ पाण्याचा वेगळा, तेलाचा वेगळा. मी उठलो आणि तेवढंच म्हणालो. एकाच पंपात सगळं घालाल तर संध्याकाळी तो माझ्याकडेच घेऊन याल, असंही म्हणालो. लोक हसले, त्याला मी काय करू? आणि मग मला वाटलं, आपण कोण ते सांगावं, म्हणून म्हणालो, की मी हिचा बाप, नट आणि वायसर यांतला फरक हिला मीच शिकवला, म्हणून घरी हिला वायसर म्हणतात. त्यावर जरा जास्तच हसले.

मी बोललो ते चूक होतं असं मला अजून वाटत नाही. सूर चुकला असेल. माइकही फार जवळ आणला होता त्या माणसाने.

आई बरी आहे. जरा कणकण आहे, हवा बदलतेय. रविवारी बोलेलच तुझ्याशी.

गिऱ्हाईकाला उत्तर लवकर हवंय.

बाबा


शनिवार
हॉस्पिटलच्या बाकावरून

वायसर,

तुझं उत्तर सकाळी दुकानाच्या शटरखालून आत सरकवलेलं मिळालं. वर 'प्रिय' नाही, खाली 'तुमची' नाही. 'आपल्या प्रश्नाबाबत खालीलप्रमाणे.' वीजबिलाच्या तक्रारीलासुद्धा याहून मायेनं उत्तर येतं. तरी मी ते उभ्याउभ्या वाचलं, आणि मग स्टूल ओढून पुन्हा सावकाश वाचलं.

तू लिहितेस, संबंध असू शकतो. जंतूला दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, आणि हा पंप दोन्ही भिंतींतून आरपार बसवलेला असतो. आत शिरलेलं औषध तो उचलतो ते थेट बाहेर टाकतो, मध्ये कुठे सांडत नाही. औषधासाठी त्याने हा पंप बसवलेलाच नाही. आतड्यात राहायचं तर पित्ताशी गाठ आहे, ते उपसायला तो मुळातच असतो. त्याला औषधाचं नावगाव कळत नाही. परकं, तेलकट असं जे आत येईल, ते त्याच्या लेखी सारखंच. अर्धवट गोळ्या घेतल्या की साधे जंतू मरतात आणि ज्यांच्याकडे पंप जास्त ते उरतात, मग त्यांचीच पिलावळ वाढते. पिलावळ हा शब्द तुझा नाही, माझा. आणि तू पुढे लिहितेस, की कधी कधी नुसत्या पंपाने जंतू पुरता वाचत नाही, पण त्याला सवड मिळते, आणि त्या सवडीत तो बाकीच्या सुधारणा करून घेतो. हे मला लगेच कळलं. तळघरात पाणी शिरलं की आपणही तेच करतो. पंप लावून पाणी गुडघ्याच्या खाली ठेवायचं आणि तेवढ्यात गळती कुठे आहे ते शोधायचं.

आणि या पंपाला वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. बाहेरचे कण आत घुसायला धडपडत असतात, त्यांना एका अंगाने आत घ्यायचं आणि त्यांच्याच रेट्यावर दुसऱ्या अंगाने औषध बाहेर ढकलायचं. मी स्टुलावर बसून 'वा!' म्हणालो. खरंच म्हणालो, एकटाच. मग लाज वाटली, कारण तो पंप सध्या कुणाच्या पोटात चालू आहे ते मला माहीत होतं.

गिऱ्हाईक-बिऱ्हाईक कुणी नाही. दाढ माझी होती आणि बायको म्हणजे तुझी आई. तुला शंका आलीच असणार, कारण बुधवारी तू आईला फोन केलास. ती तुला सर्दी झाल्याचं म्हणाली ना? सर्दी! तिला धड बसता येत नव्हतं, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणते कशी, 'पोरगी उगाच घाबरली असती, आणि तुमच्यावर चिडली असती.' गुरुवारी तिला इथे आणून दाखल केलं.

झालं ते असं. मागच्या महिन्यात तिला आग व्हायला लागली. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर लाजली. माझ्या दाढीच्या कपात दाढेच्या गोळ्या पडून होत्या. मी म्हटलं, शेवटी मारायचे जंतूच ना, घे यातल्या. तिला लगेच बरं वाटलं, तेव्हा मी उरलेल्या परत कपात टाकल्या. उगाच कशाला जास्त औषध पोटात, असंही वर म्हणालो, अगदी शहाण्यासारखं. थोड्या दिवसांनी आग परत आली, तेव्हा उरलेल्या दिल्या. मग तिसऱ्या खेपेला आग आली ती ताप घेऊन. तेव्हा डॉक्टर गाठला, पण त्यालाही या गोळ्यांचं सांगितलं नाही. विचारलंच नव्हतं त्याने, असं माझं म्हणणं आहे.

गंमत बघ. द्यायच्या वेळी त्या गोळ्या सगळ्यावर चालणाऱ्या होत्या, आणि सांगायच्या वेळी फक्त दाताच्या झाल्या.

इथे मात्र विचारलं. दाखल करताना एक तरुण डॉक्टरीणबाई होती, तुझ्यापेक्षा लहानच असेल. 'याआधी कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं का? डॉक्टरांच्या सांगण्यावरून किंवा तुमचं तुम्ही?' इतकं स्वच्छ विचारलं तिने. मी म्हणालो, त्या जवळच्या डॉक्टरांचं चालू आहे ते सोडलं, तर नाही.

आता तू विचारशील, का? आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनीच रिक्षा बोलावली, आईला धरून खाली आणलं. पण या शिंपीणबाईंना मी मागच्या वर्षी जिन्यात, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं झापलं आहे. त्यांनी नातवाला उरलेलं औषध पाजलं होतं. मी म्हणालो होतो, 'तुमच्यासारख्यांमुळेच औषधं निकामी होतात. माझी मुलगी यावरच संशोधन करते, तिला विचारा!' तू माझ्याशी बोलत नव्हतीस, आणि मी तुझ्या नावावर जिन्यात भाषण ठोकत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. त्यांच्यासमोर आता कपातल्या गोळ्यांचं कसं सांगणार? तोंडातून 'नाही' आपोआप गेलं. आणि एकदा गेल्यावर ते परत घ्यायला मला जमत नाही, हे तू जाणतेसच.

शिवाय तेव्हा मला खरंच वाटत होतं, की दाताच्या गोळ्यांचा संबंध नाही. तुझं उत्तर मिळालं ते आज.

तुझी आई तेव्हा शेजारीच कॉटवर होती, डोळे मिटून. तिने ऐकलं नसावं.

तुझ्या उत्तराची शेवटची ओळ आहे, 'गिऱ्हाईकाला सांगावे, डॉक्टरांपासून एकही गोळी लपवू नये. ताबडतोब सांगावे.' वाचली मी. आज शनिवार, ती डॉक्टरीणबाई दुपारनंतर दिसली नाही. दिसली तर सांगेन. आणि हे पत्र टाकायला पाकीट आणायचं राहिलंय.

बाबा


सोमवार
त्याच बाकावरून

वायसर,

शनिवारचं पत्र माझ्या खिशातच आहे. पाकिटं हॉस्पिटलच्या दारातल्या दुकानात मिळतात, तेव्हा ते कारण खरं धरू नकोस. डॉक्टरीणबाईही शनिवारी दिसली होती. दोनदा माझ्या समोरून गेली.

काल रविवार, म्हणून तुझा फोन येणार हे माहीत होतं. आईचा फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. तो वाजायला लागला आणि मी तसाच बसून राहिलो. शिंपीणबाईंनी बघितलं. मी म्हणालो, चुकीचा नंबर असणार. पुन्हा वाजला. शिंपीणबाई म्हणाल्या, 'चुकीचा नंबर फार चिकाटीचा दिसतोय.' त्यांना कळलं होतं, कुणाचा आहे ते. मी पाणी आणायला म्हणून उठून गेलो.

त्या वेळी आई हुडहुडी भरून थरथरत होती. रक्तदाब खाली गेला म्हणून तिची कॉट सिस्टरच्या टेबलाजवळ हलवली. सलाइन दोन्ही हातांना. मला कुणी काही सांगत नव्हतं, आणि मी विचारतही नव्हतो. विचारलं तर उलटा प्रश्न येईल, ही धास्ती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आज सकाळी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आली. आईच्या लघवीतले जंतू त्यांनी वाढवून वेगवेगळ्या औषधांपुढे ठेवले होते. ती म्हणाली, 'बाबा, आपण जे औषध देतोय ते या जंतूवर चालतच नाहीये. आणखीही काही चालत नाहीत. घरात राहणाऱ्या, कधी फारशा आजारी न पडणाऱ्या बाईच्या अंगात असा जंतू का, मला समजत नाही. आधी खरंच काही दिलं नव्हतंत?'

आणि मी पुन्हा नाही म्हणालो.

हे वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पहिल्यांदा निदान अज्ञान होतं, असं म्हणता येईल. या खेपेला तुझं उत्तर माझ्या खिशात होतं, शनिवारच्या पत्राला चिकटून. एकच पंप सगळं उपसतो हे मला कळलेलं होतं. समोर तुझी आई राखेच्या रंगाची होऊन पडली होती. तरीही माझी जीभ त्याच बाजूला वळली. गुरुवारपासूनचा खोटारडा ठरलो असतो, ती भीती त्या क्षणी तिच्या जिवापेक्षा मोठी होती. हे मी आहे, वायसर. तू ज्याला दोन वर्षं टाळलंस तो माणूस तुझ्या अंदाजापेक्षा वाईट निघाला.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाईच म्हणाली, 'घ्या, मी थांबते.' तिच्यासमोर चुकीचा नंबर म्हणता येईना. घेतला.

तू 'हॅलो' म्हणाली नाहीस. 'आई कशी आहे' असंही नाही. म्हणालीस, 'बाबा, कुठली गोळी दिली होती?'

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

'तुम्ही जन्मात कधी गिऱ्हाईकाच्या बायकोची चौकशी केलेली नाही. कुठली गोळी? आणि अर्धवट सोडली होती ना?'

'तुझी आई हॉस्पिटलात आहे,' मी म्हणालो.

'कळलं मला. काल शिंपीणमावशींनी त्यांच्या फोनवरून सांगितलं. मी निघालेय. तिथे डॉक्टर आहेत का कुणी? फोन त्यांना द्या, मी सांगते.'

तुला सांगायला लावणं किती सोपं होतं! फोन पुढे केला असता, की माझ्या तोंडून काही निघायलाच नको. हात पुढे गेलाही होता. पण मग मला वाटलं, हे जर तुझ्या तोंडून गेलं, तर मी उरलेल्या आयुष्यात नाहीच म्हणत राहीन. म्हणून तुला म्हटलं, 'थांब, मी सांगतो. तू ऐक.'

आणि सांगितलं. आवाज हळू ठेवायला गेलो तर घशातून घोगरा मोठाच निघाला. शेजारच्या कॉटवरची म्हातारी उठून बसली, सिस्टर हातातलं काम सोडून बघायला लागली, शिंपीणबाई पायाशी उभ्या होत्याच. दाताच्या गोळ्या, मागच्या महिन्यात, दोन खेपेला, अर्ध्या अर्ध्या. शुक्रवारी तुम्हाला खोटं सांगितलं, असंही म्हणालो. शुक्रवार नव्हे, गुरुवार, ते शिंपीणबाईंनी दुरुस्त केलं.

मला वाटलं होतं, डॉक्टरीणबाई फाडून खाईल. तिने फक्त विचारलं, 'गोळीचं नाव?' नाव मला येत नव्हतं. धावत घरी गेलो, कपात रिकामं पाकीट होतं ते आणलं. तिने वाचलं, वरच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि औषध बदललं. नवं औषध जड आहे, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल म्हणाली. जाताना मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर? ती म्हणाली, 'तर पहिल्या दिवसापासून वेगळ्या औषधाने सुरुवात केली असती.' रागाने नाही म्हणाली. खरं विचारलं, खरं सांगितलं.

शिंपीणबाईंनी आईच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि नातवाच्या शाळेची वेळ झाली म्हणून गेल्या. जिन्यातलं माझं भाषण त्यांना शब्दन् शब्द पाठ असणार. एक तरी टोमणा मारायला हवा होता त्यांनी, मला जरा सोपं गेलं असतं.

तू आता गाडीत असशील. म्हणजे हेही पत्र टाकण्यात अर्थ नाही.

बाबा


गुरुवार
बाहेरच्या बाकावरून

वायसर,

तू आत आईजवळ बसली आहेस आणि मी दाराबाहेर बसून तुला पत्र लिहितोय, हा काय पोरखेळ, असं इथल्या सिस्टरला वाटतंय. तिने विचारलंही, 'आजोबा, हिशोब चाललाय का?' मी म्हटलं, तसंच समज.

मंगळवारी आल्यापासून तू माझ्याशी कामापुरतं बोलतेस. 'बाबा, हे रक्त खाली देऊन या.' 'बाबा, जेवून घ्या.' यात राग दिसला असता तर मी रागाने उत्तर दिलं असतं. पण तू नुसती दमलेली दिसतेस. तेव्हा तोंडाने काही होणार नाही, म्हणून शनिवारचं आणि सोमवारचं पत्र या पत्राबरोबर एकाच पाकिटात घालून तुझ्या पिशवीत ठेवणार आहे. पाकीट आणलं आहे.

आईचा ताप कालपासून उतरला. डॉक्टरीणबाई म्हणते धोका टळला, पण एका किडनीला मार बसलाय, ती किती भरून येईल ते पुढे कळेल. हे तू मला सांगायच्या आधी मी स्वतः जाऊन विचारलं. आता मी सगळं विचारतो. सिस्टर कंटाळली आहे.

तुला एक माहीत नाही ते सांगतो. काल दुपारी तू आंघोळीला घरी गेली होतीस. आई जागी होती. मी तिचे पाय दाबत होतो, म्हणजे तिला नको असतानाही. मी तिला म्हटलं, 'मी डॉक्टरांशी खोटं बोललो होतो, ते तुला कुणी सांगितलं का?'

ती म्हणाली, 'सांगायला कशाला हवं? ऐकलं होतं.'

'कधी?'

'पहिल्याच दिवशी. त्या मुलीने विचारलं, तुम्ही नाही म्हणालात.'

'तू शुद्धीत होतीस?'

'होते की.'

'मग बोलली का नाहीस?'

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की प्रश्नच तिला समजला नसावा. म्हणाली, 'अहो, तुम्ही नाही म्हणालात. मग मी हो कसं म्हणू? शिंपीण उभी होती शेजारी.'

'अगं, पण जीव गेला असता तुझा.'

'ते मला काय ठाऊक? मला वाटलं, सांगाल थोड्या वेळाने. तुम्हाला जरा वेळ लागतो.'

एवढं बोलून तिने डोळे मिटले. मी पाय दाबत राहिलो. ती म्हणाली, 'पुरे आता, दुखतात.'

ती गुरुवारपासून सोमवारपर्यंत अंगात आग घेऊन माझी वाट बघत पडून होती. मला वेळ देत होती. आणि मी तुझ्या सभागृहात तुला एक क्षणसुद्धा दिला नव्हता. तुझं बोलणं पुरं व्हायच्या आधी उठलो होतो. एका हशासाठी. नंतर आईनेच सांगितलं होतं, की तुझ्या खात्यात सगळे तुला वायसर म्हणायला लागले, मोठे साहेबसुद्धा. तेव्हा मला ते कौतुकाचं वाटलं. आपलं नाव दूरवर पोचलं, असं वाटलं. तुझं काम सगळं खरं होतं, वायसर. माझे पंप चुकीचे नव्हते, तुझाही नव्हता. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तू म्हणशील तर हे नावही मी टाकून देईन, पण दुसरं तोंडात बसेपर्यंत थोडं सांभाळून घे.

आता आज सकाळचं. तू तिथेच होतीस, तरी लिहितो. मला ते कसं दिसलं, ते तुला दिसलं नसेल.

मोठे डॉक्टर राउंडला आले, मागे चार-पाच शिकाऊ मुलं-मुली. आपली डॉक्टरीणबाई फाइल घेऊन उभी. शिंपीणबाई डबा घेऊन आल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी सगळं फाइलमध्ये असूनही त्या मुलांना ऐकवायला म्हणून थेट आईलाच विचारलं, 'बाई, घरी आधी काही औषधं घेतली होती का?'

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, हो म्हणायला. मला वाटलं, आता तरी हे माझ्याकडून नीट होऊ दे, सगळ्यांसमोर.

पण त्याआधी आई बोलली. 'घेतली होती. यांनी दिली, दाताची. मी मागितली नव्हती, पण घेतली. बरं वाटलं की बंद, परत आग झाली की चालू. आणि या डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा हे खोटं बोलले. मला ऐकू येत होतं. मीही गप्प राहिले, ती चूक माझी.'

तिचा आवाज बारीक होता, पण एकेक शब्द सगळ्यांना ऐकू गेला. त्या शिकाऊ पोरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझी मान खाली गेली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला चारचौघांत खोटं पाडलं, ते आज पहिल्यांदा. आणि खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. मनात म्हटलं, बोलली बाई एकदाची.

मग मी मान वर केली. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, मोठे डॉक्टरही पुढच्या कॉटकडे वळले होते. फक्त आई बघत होती. सलाइनचा हात तसाच, मान उशीवरून जरा उचललेली, आणि डोळे माझ्या चेहऱ्यावर. मी रागावलो का, ते ती बघत होती.

मरणाच्या दारातून कालच परत आलेली बाई, वायसर, आणि भीती तिला माझी.

मी म्हणालो, 'बरोबर सांगितलंस.' तेव्हा कुठे तिने मान उशीवर टाकली. मी उठून इथे बाहेर येऊन बसलो. खोटं बोलल्याची लाज मला सोमवारी वाटली होती, ती सांगितल्यावर थोडी हलकी झाली. ही जी आज वाटतेय, ती कुणाला सांगून हलकी होईल असं वाटत नाही.

बाबा